परतीच्या बरण्या

बरणीच्या तोंडातून हात काही आत जाईना. चाळीस वर्षं बसचं चाक धरून स्रेतेनचे पंजे चांगले रुंद झालेले; चार बोटं आत जायची आणि अंगठा बाहेर अडायचा. तळाशी सुकून बसलेला लाल थर हलायला तयार नव्हता. शेवटी त्याने लाकडी कालथ्याच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि अंगणातल्या नळाशी बसून एकेक बरणी आतून घासायला घेतली. बारा बरण्या होत्या. पाचवीपर्यंत येता येता त्याची कंबर बोलायला लागली.

"स्तोयांका, बाई गं, अकरा वर्षं कसं केलंस हे?" तो मोठ्यानेच म्हणाला. उत्तर द्यायला ती नव्हती. त्याची बायको मार्चमध्ये गेली होती आणि आता सप्टेंबर चालू होता.

बरण्या स्वतःच्या असत्या तर त्याने केव्हाच भंगारात दिल्या असत्या. पण त्या होत्या दरिंकाताईच्या, वरच्या आळीतल्या. आणि घोळ असा, की या बरण्या या घडीला स्वीडनमध्ये आहेत अशी दरिंकाताईची पक्की समजूत होती.

हा घोळ सुरू झाला स्रेतेनच्या गाडीतून. बसची नोकरी संपल्यावर त्याने नऊ जणांची एक जुनी गाडी घेतली आणि गावातल्या लोकांना नीशच्या विमानतळावर न्यायला-आणायला लागला. गावात आता म्हातारी माणसं राहतात आणि तरणी माणसं सुट्टीला येतात, तेव्हा या धंद्याला मरण नाही. पण विमानतळाच्या बाहेर, गाड्या लावायच्या जागी जो तमाशा चालतो तो बघून बघून स्रेतेन विटला होता. घरून निघताना आईने गुडघा रोवून बॅग बंद केलेली असते. इथे पोचल्यावर पोरं ती डांबरावर आडवी घालून उघडतात, स्रेतेनचा ताणकाटा मागतात, आणि मग उपसायला सुरुवात. चीज निघतं, सुकवलेलं मांस निघतं, पाण्याच्या बाटलीत दडवलेली राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, निघते. "स्रेतेनकाका, हे तुम्हीच ठेवा. फक्त आईला सांगू नका." स्रेतेनने कधीच कुणाच्या आईला सांगितलं नाही. बोलक्या ड्रायव्हरला गावात कोण विचारतो!

त्यात दरिंकाताईचा नेबोयशा म्हणजे कहरच होता. दर वर्षी त्याच्या बॅगेत आयवरच्या बारा बरण्या असत. आता आयवर म्हणजे लाल मिरच्यांची घोटलेली चटणी, ती करणं काही गंमत नाही. पंचवीस-तीस किलो गोड लाल मिरच्या चुलीच्या तव्यावर एकेक करून भाजायच्या, सोलायच्या, निथळायला टांगायच्या, वाटायच्या, आणि मग मोठ्या पातेल्यात चार-पाच तास उभ्याने घोटत राहायचं, हात थांबला की करपलंच. दरिंकाताई शहात्तरची. खांदा धरलेला, उजवा हात कानाच्या वर जात नाही. तरी मुलगा यायच्या आधी बारा बरण्या फडताळात तयार, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्या वाकड्या अक्षरात साल.

पहिल्या वर्षी बॅग पाच किलो जास्त भरली. नेबोयशाने पाच बरण्या काढल्या, उरलेल्या सातांकडे बघितलं, आणि "आता उघडलीच आहे तर" म्हणत त्याही काढल्या.

"तिकडे दुकानात मिळतो हो काका. आपलाच आयवर, शेल्फ भरभरून. कोण वाहून नेणार?"

"मग आईला तसं सांग."

"मी सांगू? तुम्ही सांगा ना."

दोघांनीही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी नेबोयशाचा फोन आला, अगदी रडवेला. आई म्हणतेय, माझ्या बरण्या परत आण. काका, आता काय करू?

आमच्याकडे हे असंच आहे. माणूस परदेशात राहिला तरी चालेल, बरणी घरी आली पाहिजे. तसल्या जाड काचेच्या, पक्क्या झाकणाच्या बरण्या आता मिळत नाहीत, आणि प्रत्येक बाईला आपली बरणी चेहऱ्यावरून ओळखू येते. तर मग ठरून गेलं. आयवर स्रेतेन आणि स्तोयांका खाणार, स्तोयांका बरण्या धुऊन खोक्यात भरून ठेवणार, आणि पुढच्या सप्टेंबरात नेबोयशा उतरला की ते खोकं वाटेत त्याच्या हवाली करायचं. तो ते आईपुढे ठेवणार. "बघ, चाटूनपुसून संपवला!" दरिंकाताई बरण्या मोजणार, खूश होणार, आणि दुसऱ्या वर्षीच्या मिरच्या सांगून ठेवणार. अशी अकरा वर्षं गेली.

स्रेतेनने बाराच्या बारा बरण्या बाकावर उपड्या घालून वाळवल्या. मार्चपासून त्याच्याकडे भांडी येत होती. बायको गेल्यावर पहिले चाळीस दिवस आळीतल्या बायका रोज काही ना काही आणून द्यायच्या, कुणी सूप, कुणी घेवडा. आणि तो प्रत्येकीचं भांडं धुऊन परत करताना आत काहीतरी ठेवायचा. चार अंडी, दोन कांदे, काही नाही तर मूठभर अक्रोड. भांडं मोकळं परत द्यायचं नाही, हे त्याच्या अंगातच भिनलेलं होतं. त्या दिवशीही बरण्या खोक्यात भरताना शेजारच्या पोत्यात त्याचा हात गेला, सगळ्यांत मोठ्या बरणीत मूठभर अक्रोड पडले, झाकण लागलं. विचारलं असतं तर आपण असं केलं हे त्याला आठवलंही नसतं.

नेबोयशा उतरला तेव्हा तोही दमलेलाच दिसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, तिकडे लोकांच्या घरात लाकडी जिने बसवतो, गुडघे गेलेले. पेट्रोल पंपावर गाडी थांबवून स्रेतेनने खोकं मागच्या सीटवर सरकवलं.

"मोजून बारा."

"काका, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?"

"खरं बोलावं लागलं असतं."

नेबोयशा हसला. त्याला तो विनोद वाटला. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाला, "काकूंचं कळलं होतं. फोन करणार होतो."

"हो," स्रेतेन म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरिंकाताईचा फोन आला. "स्रेतेन, येऊन जा. गाडी नको आणूस. दारात गाडी दिसली की सगळी आळी गोळा होईल."

तो गेला. नेबोयशा घरी नव्हता. दात करून घ्यायला लेस्कोवत्सला गेला होता, परदेशातले सगळे येऊन आधी तेच करतात. स्वयंपाकघरात फुलाफुलांच्या मेणकापडावर ती मोठी बरणी ठेवलेली होती. दरिंकाताईने कॉफी ओतली, त्याच्यापुढे कप सरकवला आणि समोर बसली.

"उघड."

त्याने झाकण फिरवलं आणि आत बघितलं.

"अक्रोड," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. स्वीडनला अक्रोडाची झाडं असतात?"

"असतील की. एवढा मोठा देश."

"हो का? आणि तिकडच्या अक्रोडालासुद्धा अशी बाकदार चोच असते? तुझ्या विहिरीजवळच्या झाडाला येते तशी?"

"ताई, नेबोयशाने ठेवले असतील. तुझ्यासाठी म्हणून, दुकानातून—"

"नेबोयशाने?" दरिंकाताईला हसूच फुटलं, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. "अरे, जन्मात त्याने एक भांडं कधी भरून परत आणलं नाही. लहानपणी शेजारणीची ताटली मोकळीच नेऊन द्यायचा आणि मी मागून अंडी घेऊन धावायचे. बरण्या मोकळ्या आल्या की मला बरं वाटायचं, म्हणायचे, हो, माझाच मुलगा आहे हा. यंदा भरलेली आली. परवापासून मला झोप नाही. किती वर्षं चाललंय हे?"

"जाऊ दे ना, ताई."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"सगळ्या?"

"पहिल्या वर्षी चार-पाच नेल्या होत्या त्याने."

हे खोटं होतं, आणि त्या एका खोट्याने तिला काही दिलासा मिळाल्याचं दिसलं नाही. ती उठली. चुलीपाशी गेली, उगाच एक झाकण उचललं, आपटलं.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं मी इथे उभी राहते, या जागी, लाज वाटत नाही तुम्हाला? डॉक्टर म्हणाला, बाई, खांद्याचा जीव घेऊ नका. मी म्हटलं, पोरगं परक्या देशात वर्षभर काय खाईल? रात्री हा हात उशीवर ठेवता येत नाही मला. आणि तू तिकडे पाव लावून खात बसला होतास! मला खुळी ठरवलंत तिघांनी मिळून. स्तोयांकासुद्धा! दर रविवारी देवळात माझ्या शेजारी मेणबत्ती लावायची ती. तोंडातून एक शब्द नाही!"

स्रेतेनने मान खाली घातली. कॉफी गार होत होती, आणि ती प्यावी की नाही हेही त्याला कळेना.

"खात होतास ना?"

"खात होतो."

"मग सांग, कसा होता?"

"काय?"

"आयवर रे, आयवर! तो फोनवर म्हणतो, मस्त आई, एकदम मस्त. आता कळलं, न चाखताच म्हणतो. कुणाच्या तरी तोंडात गेलाय ना माझा आयवर? मग कुणीतरी सांगा तरी मला."

स्रेतेनने विचार केला. "तीन वर्षांपूर्वीचा जरा खारट होता."

दरिंकाताईने त्याच्याकडे रोखून बघितलं. मग हळूच परत खुर्चीवर बसली. "मीठ दोनदा पडलं होतं. मला तेव्हाच शंका आली होती."

"बाकी चांगला. त्याच्या आदल्या वर्षी तर फारच चांगला. आणि गेल्या वर्षीचा..." तो अडखळला.

"गेल्या वर्षीचा काय?"

"स्तोयांकाला शेवटी काही जात नव्हतं, ताई. फेब्रुवारीपासून. सूप नको, दूध नको, दवाखान्यातली ती पांढरी पूड नको. फक्त तुझा आयवर. पावाच्या मऊ भागावर एवढासा, नखाएवढा, मी बोटाने लावून द्यायचो. शेवटच्या आठवड्यात पावही नको झाला. नुसता आयवर, चमच्याच्या टोकावर. म्हणाली, दरिंकाचं मीठ यंदा बरोबर पडलंय, तिला सांग. मी म्हटलं, कसं सांगू गं? मग म्हणाली, बरं, मग निदान तिच्या बरण्या तरी नीट धू."

दरिंकाताईने ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"सहा महिने होत आले," ती म्हणाली. "आणि आत्ता सांगतोस."

"सांगणार कसा होतो?"

"तेही खरंच." तिने बरणी जवळ ओढली, अक्रोड मेणकापडावर ओतले, एक उचलून उगाच बोटांत फिरवत राहिली. "थकले रे मी, स्रेतेन. खरं सांगते. त्याने पहिल्याच वर्षी म्हटलं असतं ना, आई, नको मला, तर मी आठ दिवस रडले असते आणि नवव्या दिवशी निवांत झोपले असते. त्याला वाटलं, आई दुखावेल. मला वाटलं, पोरगं उपाशी राहील. आणि तू मधल्यामध्ये बरण्या वाहत बसलास."

"त्याला बोलणार आहेस?"

"काय बोलू? दोन आठवडे येतो, त्यातला एक दातांच्या डॉक्टरकडे जातो. उरलेल्या एका आठवड्यात भांडू त्याच्याशी?" तिने फडताळाकडे बघितलं. यंदाच्या बारा बरण्या तिथे रांगेत होत्या, भरलेल्या, साल लिहून. "तूही बोलू नकोस. कॉफी पी. गार झाली असेल."

जायच्या दिवशी स्रेतेनने गाडी दारात लावली. बॅग ओसरीत उभी होती. "मी भरलीये, उघडू नकोस," दरिंकाताई मुलाला बजावत होती, "नीट बसवलंय सगळं." नेबोयशाने तिच्या खांद्यावरून स्रेतेनकडे बघून भुवया उडवल्या, दर वर्षी उडवायचा तशाच. स्रेतेनने बॅग उचलली. पुढच्याच क्षणी त्याच्या हाताला कळलं. त्याने ती मागे ठेवली.

दरिंकाताईने मुलाला घट्ट धरलं, त्याच्या दाढीवरून हात फिरवला. त्याने रीतीप्रमाणे आईच्या गालांवर तीनदा ओठ टेकवले, तिसऱ्यांदा टेकवताना तिने त्याचं डोकं थोडा जास्त वेळ धरून ठेवलं. मग स्रेतेनकडे वळून ती म्हणाली, "शनिवारी स्तोयांकाचे सहा महिने ना? कबरीवर येते मी. पाव तू आण. आयवर माझ्याकडचा."

"आणतो, ताई."

गाडी निघाल्यावर तिने नेहमीसारखं मागे तांब्याभर पाणी ओतलं, जाणारा सुखरूप परत यावा म्हणून. आरशात ती फाटकाशी दिसत होती, डाव्या हाताने उजवा खांदा धरून. वळण येईपर्यंत ती तशीच उभी होती.

नीशला पोचल्यावर नेबोयशाने सवयीने बाह्या सरसावल्या. "चला काका, उपसू." बॅग ताणकाट्याला अडकवली, दोन्ही हातांनी उचलली. काटा बाराच्या पुढे जाईना. त्याने परत उचलली.

"बिघडला वाटतं तुमचा काटा."

"काटा ठीक आहे."

नेबोयशाने बॅग डांबरावर आडवी केली आणि उघडली. इस्त्रीचे शर्ट, नवे मोजे, नातवंडांसाठी विणलेल्या दोन टोप्या. मधोमध, त्याच्या वडिलांच्या जुन्या लोकरी मोज्यात, एक बरणी. एकच. त्याने शर्ट वर करून बघितले, कप्पे चाचपले. मग बरणी मोज्यातून काढून हातात धरून तो तसाच बसून राहिला.

"बाकीच्या कुठायत?"

"घरी."

"आई आजारी आहे का?" त्याचा चेहरा पार उतरला. "खांद्याचं काही निघालं का? मला बोलली नाही."

"थकलीये."

"पण मला बोलली कशी नाही?"

"तू तरी कुठे काही बोललास?"

नेबोयशाने वर बघितलं. शेजारून एक कुटुंब गाडा ढकलत गेलं, त्यातली बाई नवऱ्यावर चिडून सांगत होती, माझ्या आईचं चीज इथे राहणार नाही, तुझे बूट राहू देत. ते लांब गेल्यावर नेबोयशा हलक्या आवाजात म्हणाला, "तिला कळलं."

"हो."

"तुम्ही सांगितलंत?"

"माझ्यामुळेच कळलं. बरणीत अक्रोड ठेवले होते मी."

"अक्रोड? कशाला पण, काका?"

"मोकळी कशी द्यायची?"

नेबोयशाला ते कळलं नाही, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. अठ्ठेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं, आज कुठून कळणार? स्रेतेनला त्याचा राग आला, आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे बघून तो राग टिकलाही नाही. नेबोयशा बरणीवरची चिकटपट्टी बघत होता. आईचं अक्षर यंदा जास्तच वाकडं आलं होतं. बरणी किलोभराची, बॅगेत आठ किलोंची जागा शिल्लक. यंदा वजनाचं कारणही हातात नव्हतं.

"काही म्हणाली का ती? माझ्याबद्दल?"

"म्हणाली, त्याला बोलू नकोस."

"मग तुम्ही बोललातच की."

"अकरा वर्षं बोललो नाही, तेवढं पुरे झालं."

नेबोयशा उठला. उठता उठता बरणीचा हात सवयीने पुढे आला, स्रेतेनकडे. अकरा वर्षांची सवय ती, हाताला काय कळतंय? स्रेतेनने दोन्ही पंजे जाकिटाच्या खिशात घातले आणि तिथेच राहू दिले.

तो हात थोडा वेळ मध्येच राहिला. मग नेबोयशाने बरणी परत मोज्यात सरकवली, मोज्याला गाठ मारली, शर्टांच्या मधोमध ठेवली, दोन्ही टोप्या वरून दाबल्या आणि बॅग बंद केली. नाक पुसलं. काकांशी हात मिळवला तेव्हा त्याचा हात गार होता.

काचेच्या दारापाशी पोचून तो थांबला, मागे वळला, आणि गाड्यांच्या आवाजात मोठ्याने ओरडून विचारलं, "काका, बरणी परत आणायची ना?"

"आण," स्रेतेन ओरडला. "आणि मोकळी आणू नकोस."